मानसशास्त्र शिकायला कुठल्या देशात जावं?

सांगली

चि. मुक्ता,


तू पाठवलेला तक्ता मी सावकाश वाचला. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, आणि अगदी शेवटच्या ओळीत पुणे-मुंबई. प्रत्येकापुढे विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, किती वर्षं, फी किती, राहण्याचा खर्च किती. बारावीतल्या मुलीनं एवढं खणून काढलं याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पण या तक्त्यात एक रकाना राहिला आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात पहिला हवा: ही पदवी हातात पडल्यावर त्या देशाचा कायदा तुला काय करू देतो?

हा प्रश्न मानसशास्त्रातच इतका टोकदार आहे. एमबीबीएस झालेला मुलगा निदान आपल्या देशात तरी रोगी तपासायला बसू शकतो. मानसशास्त्राची पहिली पदवी तशी नाही. तू लिहिलेल्या सहाही ठिकाणी तीन किंवा चार वर्षांचं बीए-बीएस्सी करून कुणी मानसोपचार करू लागत नाही. पुढे किती वर्षं, कुणाच्या देखरेखीखाली, कोणत्या भाषेत आणि कुणाच्या पैशानं शिकायचं, हे प्रत्येक देशानं वेगळं ठरवलं आहे. खरा फरक तिथं आहे. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत तो फारसा दिसणार नाही.

पुस्तकं सारखी का, ते आधी सांगते. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि जगभरातली मुलं तिथं जाऊ लागली. त्यांचे विद्यार्थी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग पुढे हार्वर्डला गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी 1916 साली कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग उभा केला. वुंट यांचेच दुसरे विद्यार्थी चार्ल्स स्पिअरमन लंडनला शिकवत होते. त्यांच्याकडे शिकून आलेल्या एम. व्ही. गोपालस्वामींनी 1924 साली म्हैसूरचा विभाग सुरू केला. म्हणजे आपले दोन्ही जुने विभाग लाइपझिगच्या घराण्यातलेच. म्हणून संवेदन, अवधान, स्मरण, अध्ययन, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व हा क्रम तुला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनलाही भेटेल आणि पुण्याच्या फर्ग्युसनलाही. ‘अभ्यासक्रम कुणाचा चांगला’ या प्रश्नात म्हणूनच फार वेळ घालवू नकोस.

आता इंग्लंड. तिथली मुलं शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत साधारण तीनच विषय शिकतात, त्यामुळे विद्यापीठात पहिल्या दिवसापासून फक्त मानसशास्त्र. तीन वर्षं, स्कॉटलंडमध्ये चार. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी ही व्यावसायिकांची संस्था पदव्यांना मान्यता देते आणि त्यासाठी काय शिकवायचं ते ठरवून देते: जैविक, बोधात्मक, विकासात्मक, सामाजिक, व्यक्तिभेद, विषयाचा इतिहास आणि संशोधनपद्धती. शेवटच्या वर्षी तू स्वतः प्रश्न ठरवायचा, माहिती गोळा करायची, तिचं संख्याशास्त्रीय विश्लेषण करायचं आणि प्रबंध लिहायचा. त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय ती मान्यता तुला लागू होत नाही. ही अट मला फार आवडते. आपल्याकडच्या कितीतरी मुली एमएपर्यंत पोहोचतात, पण स्वतःचा असा एकही प्रश्न त्यांनी माणसांना विचारून पाहिलेला नसतो.

पण त्यापुढचं ऐक. ‘सायकॉलॉजिस्ट’ एवढा नुसता शब्द ब्रिटनमध्ये कुणीही लावू शकतं. ‘क्लिनिकल’, ‘काउन्सेलिंग’, ‘एज्युकेशनल’, ‘फोरेन्सिक’ अशी विशेषणं लागलेली नावं मात्र 2009 पासून कायद्यानं राखीव आहेत आणि नियामक मंडळाच्या नोंदवहीत नाव असलेल्यांनाच ती लावता येतात. क्लिनिकल व्हायचं तर पदवीनंतर काही काळ साहाय्यक म्हणून काम करायचं आणि मग तीन वर्षांची डॉक्टरेट. ती करताना तिथली सरकारी आरोग्यसेवा पगार देते, म्हणून जागेसाठी फार मोठी चुरस असते. परदेशी विद्यार्थिनीला ती सरकारी खर्चाची जागा मिळणं अवघड. तुझ्या तक्त्यातली लंडनची तीन वर्षं खरी आहेत, पण तू पत्रात म्हणतेस तशी लोकांशी बोलून त्यांना बरं करणारी होण्यासाठी ती पुरणार नाहीत. एक सोय मात्र लक्षात ठेव: इतिहास किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या पदवीला त्या सोसायटीची मान्यता नाही अशांसाठीही, तिथं साधारण वर्षभराचा एमएस्सी अभ्यासक्रम असतो. म्हणजे इंग्लंडला पहिल्याच पदवीला जायला हवं असं नाही.

अमेरिकेचा स्वभाव वेगळा. पदवी चार वर्षांची. पहिली दोन वर्षं गणित, लेखन, विज्ञान, साहित्य असं सगळं चाखत जायचं आणि साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय जाहीर करायचा. मानसशास्त्राबरोबर संगणकशास्त्र घे, संगीत घे, कुणी अडवत नाही. तुझ्यासारख्या दहा दिशांना कुतूहल असणाऱ्या मुलीला हे मोकळेपण मानवेल. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन पदवीला मान्यता देतच नाही. तिची मान्यता असते ती चिकित्सा, समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटला. कारण बहुतेक राज्यांत ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला डॉक्टरेट, देखरेखीखालचं वर्षभराचं पूर्णवेळ काम, परवाना परीक्षा आणि त्या त्या राज्याचा परवाना हे सगळं लागतं.

ही डॉक्टरेट दोन तऱ्हेची असते आणि तो फरक पैशाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. 1949 साली बोल्डर गावी भरलेल्या परिषदेत ठरलं की मानसोपचार करणारा माणूस संशोधकही असला पाहिजे; त्यातून आजची पीएचडी आली. 1973 सालच्या व्हेल इथल्या परिषदेनं दुसरी वाट मान्य केली, संशोधनापेक्षा उपचारावर भर देणारी सायडी. पीएचडीला प्रवेश मिळणं अतिशय कठीण, पण मिळाला की सहसा फी माफ आणि विद्यावेतन मिळतं. पाच ते सात वर्षं जातात. सायडीला जागा जास्त, पण खर्च बहुतेक वेळा आपला आपण करायचा. आपल्याकडची मंडळी ‘अमेरिकेत डॉक्टरेट’ एवढंच ऐकतात आणि कर्जाचे कागद करायला धावतात. दोन्हींमधला फरक बाबांनाही वाचून दाखव. एमए-एमएस करून समुपदेशकाचा परवाना मिळवता येतो, तोही राज्याराज्याचा वेगळा. तो रस्ता छोटा आहे आणि अनेक भारतीय मुली तोच घेतात.

जर्मनीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ‘फी नाही’ या दोन शब्दांवर तू लाल खूण केली आहेस. खरंच, सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळपास नाही, फक्त दर सत्राला एक ठरावीक वर्गणी. अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा, म्हणजे हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग: तिथं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1500 युरो भरावे लागतात. पण मानसशास्त्राच्या जागा मोजक्या आणि मागणी प्रचंड, त्यामुळे शाळेतल्या गुणांवर चाळणी लागते आणि तीत भल्याभल्या जर्मन मुलांचा नंबर लागत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीच्या जर्मन दूतावासातल्या शैक्षणिक तपासणी विभागाचा दाखला आता सक्तीचा आहे, आणि आपल्या नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. शिवाय पदवीचं शिक्षण बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेतच. रस्त्यावर पत्ता विचारण्यापुरती जर्मन इथं कामाची नाही. संशोधन-अहवाल वाचून त्यावर वाद घालता येईल एवढी हवी.

या अडथळ्यांपलीकडे जर्मन शिक्षण फार भक्कम आहे. संख्याशास्त्र आणि कसोट्यांचं शास्त्र पहिल्या वर्षापासून. आणि एक चांगली प्रथा: पदवी मिळवायची तर ठरावीक तास स्वतः दुसऱ्यांच्या प्रयोगांत प्रयुक्त म्हणून बसावंच लागतं. ज्यानं कुणाच्या तरी प्रयोगात कंटाळून बटणं दाबली आहेत, त्याला पुढे स्वतःच्या प्रयोगात समोरच्या माणसाचा कंटाळा कळतो. 1 सप्टेंबर 2020 पासून जर्मनीनं आपला कायदाही बदलला. आधी मानसशास्त्राची पदवी घेऊन वर स्वतःच्या खर्चानं अनेक वर्षांचं मानसोपचाराचं प्रशिक्षण घ्यावं लागे, आणि त्या काळात तरुण लोक अगदी तुटपुंज्या पैशावर रुग्णालयांत राबत. आता तीन वर्षांची बॅचलर, दोन वर्षांची खास मानसोपचाराची मास्टर, मग सरकारी परीक्षा आणि परवाना, आणि पुढे साधारण पाच वर्षांचं पगारी विशेष प्रशिक्षण, असा वैद्यकीय शिक्षणासारखा सरळ मार्ग झाला. यात पैशाचे प्रश्न अजून उरले आहेत, पण दिशा मला योग्य वाटते. माणसांवर उपचार करायला शिकणाऱ्याला शिकतानाच पोटापुरता पगार मिळाला पाहिजे.

नेदरलँड्समध्ये इंग्रजीतून पदवी घेता येते. अ‍ॅमस्टरडॅम, ग्रोनिंगेन, लायडेन, मास्ट्रिख्ट ही नावं तू लिहिलीच आहेस. चाळणीत अडकलेली जर्मन मुलं सीमा ओलांडून तिथं मोठ्या संख्येनं येतात. मास्ट्रिख्टला छोट्या गटात प्रत्यक्षातला प्रश्न समोर ठेवून त्याभोवती अभ्यास करायची पद्धत आहे, ती मला आवडते. पहिल्या वर्षी ठरावीक श्रेयांक मिळाले नाहीत तर अभ्यासक्रम सोडावा लागतो, हे मात्र ध्यानात ठेव. आणि इंग्रजीत शिकलीस तरी तिथल्या माणसांवर उपचार डचमध्येच करावे लागतील. ऑस्ट्रेलियात ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नावच कायद्यानं राखीव आहे: तीन वर्षं, मग चौथं ऑनर्सचं वर्ष, मग साधारण दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, मिळून सहा. या सहा वर्षांचा खर्च तू तीनच वर्षांचा धरला आहेस, तो दुप्पट कर.

तुझ्या यादीत नसलेला एक देश सांगते, तिथं जायला नव्हे, विचार करायला. अर्जेंटिनात दर लाख माणसांमागे मानसशास्त्रज्ञांचं प्रमाण जगात सर्वाधिक समजलं जातं. बुएनोस आयरेस विद्यापीठात 1957 साली या विषयाची पदवी सुरू झाली. सरकारी विद्यापीठात पदवीला फी नाही. पदवी लांब, पाच-सहा वर्षांची, आणि तीत फ्रॉइड आणि लाकाँ यांचं मनोविश्लेषण भरपूर. ती पूर्ण झाली की नोंदणी करून थेट मानसोपचार करता येतो. अमेरिकेत ज्याला दहा-अकरा वर्षं लागतात त्याला तिथं जवळपास निम्मी पुरतात. यातलं कुठलं बरोबर? माझं मत असं की देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांसोबत घालवलेले तास कमी करून चालणार नाही, मग पदवीचं नाव काहीही असो. पण बुएनोस आयरेसमध्ये मानसोपचार घेणं ही साध्या मध्यमवर्गीय घरातलीही नेहमीची गोष्ट झाली, ती त्या मोफत आणि मोठ्या विद्यापीठामुळेही. उपचार करणारी माणसं पुरेशी घडली नाहीत तर उत्तम दर्जाचा उपयोग फक्त श्रीमंतांना होतो, आणि आपल्या राज्यात आज नेमकं तेच चाललं आहे.

आता घरचं. आपल्याकडे बीए करताना तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकं असतात. आरशातलं चित्र पाहून तारा काढणं, म्युलर-लायर भ्रम, निरर्थक शब्दांचं पाठांतर, बुद्धिमत्तेची एखादी कसोटी. हे प्रयोग जिवंत करता येतात. पण मी स्वतः बाह्यपरीक्षक म्हणून गेले त्या एका कॉलेजात सगळ्या जर्नलांत एकाच प्रयुक्ताचे एकसारखे आकडे पाहिले आणि मला फार वाईट वाटलं. मुलींनी प्रयोग केलाच नव्हता, उतरवला होता. पुणे-मुंबईत, किंवा आणखी कुठं, कॉलेज निवडताना क्रमांक पाहू नकोस, प्रयोगशाळेत जाऊन उभी राहा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, मागच्या महिन्यात कुणावर काय प्रयोग केलात? उत्तर पटकन आलं तर तिथं प्रवेश घे.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार चौथं, संशोधनाचं वर्ष आता आपल्याकडेही मिळतं. ते नक्की कर. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. दूरशिक्षणाचा विचार मात्र मनातून काढून टाक: 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देणं थांबवलं आहे, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. एमएनंतरचा क्लिनिकलचा रस्ता आजवर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमफिलचा होता, बंगळुरूची निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था अशा ठिकाणी, भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेनं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही या मान्यतेवरच उभी आहे. नव्या धोरणात एमफिल ही पदवीच संपुष्टात येत असल्यामुळे तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत, आणि इतर मानसशास्त्रज्ञांसाठी 2021 च्या कायद्यानं नोंदणीची सुरुवात केली आहे. तू एमए होशील तोवर हे चित्र बरंच बदललेलं असेल. दर वर्षी पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहत जा. क्लासवाल्यांच्या जाहिरातीवर विसंबू नकोस.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तुला लिहायची मला सगळ्यात जास्त निकड तिचीच वाटते. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2008 साली अमेरिकेतल्या सहा प्रतिष्ठित नियतकालिकांतले अलीकडचे शोधनिबंध तपासले. त्यातले 68 टक्के प्रयुक्त अमेरिकेतले आणि 96 टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. 2010 साली हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन या संशोधकांनी दाखवलं की या लोकांवरून साऱ्या मानवजातीचे निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे, कारण साध्या रेषांच्या भ्रमातसुद्धा समाजासमाजांत फरक पडतो. 2015 साली शेकडो संशोधकांनी मिळून शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर चाळीसहूनही कमी अभ्यासांत पहिल्यासारखा निष्कर्ष हाती लागला. म्हणजे ज्या पुस्तकांसाठी आपण समुद्र ओलांडायला निघतो, त्यांतला मजकूरही कुणावर तपासला होता हे विचारावं लागतं.

हे आपल्याकडे पूर्वीच कुणाला तरी जाणवलं होतं. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाडला बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बसवली, इथल्याच मुलांवर तपासून. ‘बिने-कामत’ नावानं ती भारतात अजून वापरली जाते. तुझ्या शेजारच्या मुलाला शाळेनं ‘मतिमंद आहे का ते तपासून आणा’ म्हणून पाठवलं, तर त्याच्यासमोर हीच पेटी उघडली जाण्याची शक्यता आहे. इतकी जुनी कसोटी आजही वापरावी लागते, याचा अर्थ मराठी मुलांसाठी नवं काम फार थोडं झालं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) 1990 पासून मराठी माणसांमध्ये मानसशास्त्राचं काम करत आहेत. त्यांना, आणि त्यांच्यासारख्या कितीतरी संस्थांना, चांगल्या शिकलेल्या, मराठीत विचार करणाऱ्या मुली हव्या आहेत.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला. तू पत्रात लिहिलंस की तुला लोकांशी बोलून त्यांना बरं करायचंय. ते काम भाषेत होतं. ज्या देशात आणि ज्या भाषेत तुला ते आयुष्यभर करायचंय, तिथंच सगळं शिक्षण घे. अर्धं इथं, अर्धं तिथं करायला गेलीस तर एका देशानं मोजलेली वर्षं दुसरा देश पुन्हा मागतो. इथल्या माणसांसाठी काम करायचं असेल तर पहिली पदवी आणि एमए इथंच कर, आणि कॉलेजच्या सुट्ट्या गावातल्या आरोग्यकेंद्रात, विशेष मुलांच्या शाळेत घालव. बाहेर जायचंच तर नंतर, एखादी उपचारपद्धती किंवा संशोधन शिकायला, शक्यतो शिष्यवृत्तीवर जा. आणि लोकांशी बोलण्यापेक्षा स्मृती, मेंदू, आकडे यांतच तुझा जीव रमतो असं वर्षभरात लक्षात आलं, तर माझं मत उलट आहे: मग ग्रोनिंगेन, लायडेन किंवा एखादं चांगलं ब्रिटिश विद्यापीठ, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

तक्ता फेकू नकोस. त्यात एक रकाना वाढव आणि प्रत्येक विभागाच्या कार्यालयाला ईमेल करून विचार: तुमच्या पदवीनंतर भारतीय विद्यार्थिनीला तुमच्या देशात कायद्यानं काय करता येतं, त्यासाठी आणखी किती वर्षं लागतात, आणि मागच्या पाच वर्षांत किती जणी तिथवर पोहोचल्या? उत्तर लेखी माग. दिवाळीला आलीस की ती उत्तरं घेऊन ये, आपण बसून वाचू.

तुझी,
शैलाआत्या